बाह्यांची गाठ

घड्याळजींची बोटं रिकामी बसली, की घरात काहीतरी सुटं व्हायचं. आधी मिक्सर सुटा झाला, मग जावयाचा रेडिओ, आणि एका सकाळी तर दाराच्या बेलचे तुकडे जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, ओळीने मांडलेले सापडले. प्रत्येक वस्तू त्यांनी पुन्हा जोडली आणि ती आधीपेक्षा बरी चालली, हे कबूल करायलाच हवं. पण बेल नसलेल्या त्या तासाभरात गॅसवाला दारावरून परत गेला, आणि लेकीने शेवटी कोपरापासून हात जोडले.

"बाबा, तुम्ही खालच्या खोलीत जा बघू. तिथे लोक दिवसभर जुने स्वेटर उसवत बसतात. देवाने तुमच्यासाठीच उघडलंय ते."

"स्वेटर? मी?"

"मग काय, आता फ्रिज सुटा करणार?"

चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून माणसांच्या वेळा दुरुस्त केलेला हा गृहस्थ. लोक खिशातल्या फोनवर वेळ बघायला लागले तशी दुकानाची फळी एक दिवस खाली आली ती आलीच. बायको त्याआधीच गेलेली. मग लेकीकडे राहायला आले. लेक प्रेमाची, जावई सज्जन, नाव ठेवायला जागा नाही. पण इमारतीत ओळखीचं कुणी नव्हतं, आणि सकाळी उठून कुठे जायचं, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नाइलाज म्हणून ते जिना उतरले.

खालची खोली पूर्वी छापखान्याची होती. फरशीवर शाईचे काळे डाग अजून तसेच, खिडक्या मात्र उंच आणि उजेडाच्या. मधोमध एक भला थोरला हातमाग. इमारतीतल्या लोकांनी टाकून दिलेले दोन पलंग आणि एक कपाट यांच्या लाकडातून सुताराने तो उभा केला होता. त्याची मालकीण, म्हणजे मालकीण कसली, माग सांभाळणारी, ती मावशी. गालिच्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली बाई. तिला सगळे मावशीच म्हणायचे. तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले निवृत्त बस ड्रायव्हरसुद्धा.

"तुम्ही मला मावशी म्हणता, मग मी तुम्हाला काय बाळ म्हणू?" ती विचारायची.

"म्हणा की! बरेच दिवसांत कुणी म्हटलेलं नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे.

काम सोपं होतं. आजूबाजूचे लोक जुने स्वेटर, शाली, मफलर आणून द्यायचे. ते उसवायचे. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिच्या लडी करायच्या. उसवलेली लोकर वाकडीतिकडी निघते, टाक्याचं वळण तिच्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून त्या लडी कोमट पाण्यात भिजवायच्या आणि खाली पाण्याच्या बाटलीचं वजन बांधून दोरीवर टांगायच्या, म्हणजे वळण जाऊन धागा सरळ होतो. मग तो मागावर चढवायचा. विणायचं होतं एक मोठं जाजम, याच खोलीत अंथरायला. कारण खोलीत खुर्च्या पाचच, त्या पाच घरांतून आलेल्या, आणि कोण कुणाच्या खुर्चीवर बसलं यावरून रोज कुरबुर.

माग इतका रुंद होता, की एका माणसाचा हात या टोकाकडून त्या टोकाला पोचत नसे. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं. एकाने धोटा उभ्या धाग्यांमधून सरकवून द्यायचा, दुसऱ्याने तो झेलायचा, मग दोघांनी मिळून फणी ओढून धागा ठोकून बसवायचा. एकट्याने विणायची सोयच नव्हती. ड्रायव्हरसाहेब विणताना रंगांचे थांबे पुकारायचे: "चला, पिवळा पट्टा आला! उतरणारे पुढे या!"

पहिल्या दिवशी घड्याळजी दारातच घुटमळले. मावशीने काही विचारपूस न करता त्यांच्या हातात एक तपकिरी स्वेटर ठेवला.

"याचं टोक सापडत नाहीये. तिघांनी हात टेकले."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, स्वेटर खिडकीकडे धरला. दोन मिनिटांत काखेजवळचं एक टोक चिमटीत आलं, आणि ते ओढल्याबरोबर स्वेटर असा सुटत गेला, जसं मूल आईला बघून हसत सुटतं.

"मावशी, डॉक्टर आला आपल्याकडे!" ड्रायव्हरसाहेब ओरडले.

झालं. त्या दिवसापासून जो स्वेटर अडेल तो 'घड्याळजींकडे पाठवा'. पाचांतली लंगडी खुर्ची त्यांनी दुरुस्त केली आणि ती त्यांचीच झाली. साडेनऊला पाच मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हरसाहेब जिन्यात येऊन हाक मारायचे. कुणीतरी आपली वाट बघतंय, ही साधी गोष्ट. पण दुकान बंद झाल्यापासून ती त्यांना मिळाली नव्हती. पोटभर जेवल्यासारखे ते संध्याकाळी जिना चढायचे.

आता या खोलीचा एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमावरच फिरली. स्वेटर माणसाचा असतो. त्याच्यात कुणाचं काय अडकलेलं असेल, सांगता येत नाही. म्हणून मावशीने ठरवून दिलं होतं: ज्याला खरंच द्यायचा आहे त्याने स्वेटरच्या दोन्ही बाह्या एकमेकींना गाठ मारून ठेवायच्या. गाठ म्हणजे 'मी सोडला, तुम्ही उसवा.' गाठ नसेल तर हात लावायचा नाही, मग तो स्वेटर महिनाभर टेबलावर पडून राहिला तरी. माणसं कधीकधी गाठ मारायची, दोन दिवसांनी येऊन सोडायची, पुन्हा चार दिवसांनी मारायची. मावशी बघायची आणि बोलायची नाही.

एका दुपारी घड्याळजी एकटेच होते. बाकीचे जेवायला गेलेले. नळावर हात धुऊन आले, तर टेबलावर एक हिरवा स्वेटर. गर्द हिरवा, हाताने विणलेला, कोपरांवर थोडा विरलेला. बाह्यांना गाठ.

त्यांनी गाठ सोडली, शिवण उसवली, आणि धागा ओढला. आणि काय सांगावं त्या दुपारचं! यंत्रावरचे स्वेटर ठिकठिकाणी तुटतात, दर वीतभर गाठी माराव्या लागतात. हा तुटेचना. गळा, पुढचा भाग, पाठ, एक बाही, दुसरी बाही. धागा वाहत्या नळासारखा येत राहिला. अशी लोकर लडी करून दोरीवर टांगण्याआधी सगळ्यांना दाखवायला हवी म्हणून त्यांनी तिचा छान गोल गुंडा केला आणि पिशवीत घातला. रात्री जेवताना लेकीला चार वेळा सांगितलं, "कुणाचा हात होता कोण जाणे. एकही गाठ नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवीतून गुंडा काढणार, एवढ्यात औषधवाली आत आली.

समोरच्या कोपऱ्यावर तिचं औषधांचं दुकान. पंचेचाळिशीची, भरभर चालणारी, त्याहून भरभर बोलणारी. दुकानात येणाऱ्या लोकांकडून जुने स्वेटर गोळा करून तीच इथे आणून टाकायची. मावशी रोज म्हणायची, "बस गं घटकाभर," आणि ती रोज म्हणायची, "मला कुठली सवड!" या खोलीत ती टेकलेली कुणी पाहिली नव्हती.

"मावशी, काल माझा स्वेटर राहिला का हो इथे? हिरवा. दुपारी पिशव्या टाकायला आले, खोलीत कुणी नव्हतं. उकडत होतं म्हणून खांद्यावर बांधलेला, तो तसाच डोक्यावरून काढला, टेबलावर ठेवला, आणि तेवढ्यात फोन आला. पळाले."

"हिरवा? मी नाही पाहिला," मावशी म्हणाली. "ड्रायव्हरसाहेब?"

"माझ्या गाडीत नाही कुणी हिरवं."

"घड्याळजी, तुम्ही?"

पिशवी घड्याळजींच्या पायाशी होती. तिच्या तोंडातून हिरवा गुंडा दिसत होता की नाही, हे बघायचीसुद्धा हिंमत होईना. त्यांनी पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"बघतो," ते म्हणाले.

"बघा हं काका, प्लीज. आईने विणलेला आहे. ती गेल्यावर तेवढाच राहिलाय. थंडीत दुकानात मी दुसरं काही घालतच नाही." आणि ती गेली, भरभर.

दिवसभर घड्याळजींनी एकही स्वेटर हातात घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर वर गेले. दुसऱ्या दिवशी खाली गेलेच नाहीत, तिसऱ्याही. ड्रायव्हरसाहेबांनी जिन्यातून हाक मारली तेव्हा लेकीकडून 'बरं नाही' असं सांगवलं. हे बाहेर फोडणारं कुणी नव्हतं. त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. गुंडा भिजवून, दुसऱ्या हिरव्यांत मिसळून टाकला असता, तर जाजमात एक पट्टा वाढला असता, बस्स. हा विचार मनात आला, आणि आपल्या मनात असा विचार येऊ शकतो याचीच त्यांना लाज वाटली.

मग दुसरा विचार आला. आपण काय सुटं केलं आणि पुन्हा जोडलं नाही, असं आजवर झालंय का? त्यांनी लेकीला दोन सुया आणायला लावल्या. खिडकीत बसून, भिंग लावून, पुस्तकातली चित्रं बघत टाके घालायला लागले. दोन दिवसांत तळहाताएवढा तुकडा झाला. तोही एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद, कुणी रागाने चावल्यासारखा.

लेक बराच वेळ बघत उभी होती.

"बाबा, हे कुणाचं आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं. पिशवी पायाने सरकवली तेही.

"घड्याळाचं सोपं असतं गं," ते म्हणाले. "प्रत्येक चाकाची जागा ठरलेली. मी नाही जोडलं तर दुसरा कुणी जोडेल, घड्याळ तेच राहील. हे तसं नाही. हे त्या बाईच्या हाताशिवाय होणारच नाही."

"मग आता?"

"आता मावशी मला खालच्या खोलीत उभं करणार नाहीत. आणि बरोबर आहे त्यांचं."

लेकीने सुया काढून घेतल्या, हळूच, तुकडा उसवून धागा पुन्हा गुंड्यावर गुंडाळला, आणि गुंडा त्यांच्या पिशवीत ठेवला. "चप्पल घाला," एवढंच म्हणाली.

औषधांच्या दुकानात सकाळची गर्दी होती. घड्याळजी रांगेत उभे राहिले. नंबर आला.

"बोला काका. खोकला?"

"नाही."

"गुडघे?"

"नाही, मी..."

"आजोबा, लवकर करा की," मागून कुणीतरी खोकत म्हणालं.

घड्याळजींनी गुंडा काढून काचेवर ठेवला. "हा तुमचा स्वेटर. बाह्यांना गाठ होती म्हणून मी उसवला. ती चूक झाली. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'बघतो' म्हणालो, ती चूक नव्हती. ते खोटं होतं."

मागचा खोकलासुद्धा थांबला. औषधवालीने गुंड्याकडे बघितलं. हात लावला नाही. तिच्या चेहऱ्यावरची सगळी घाई एकदम पुसली गेली, आणि खाली जे होतं ते बघवेना.

"गाठ?" ती म्हणाली. "ती मी खांद्यावर बांधलेली गाठ होती, काका."

"हो. नंतर कळलं."

"तुम्ही जा."

ते गेले. तिथून सरळ खालच्या खोलीत. मावशी आणि ड्रायव्हरसाहेबांसमोर उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तर जास्तच जड गेलं. मग भिंग खिशात टाकलं. "येतो मी," म्हणाले.

"कुठे?" मावशी म्हणाली. "नियम माझा होता. माणसं स्वेटर खांद्यावर बांधतात, हे मला तीस वर्षं कारखान्यात राहून सुचलं नाही. मग मीही जाऊ का? आणि या बाळालाही नेऊ?"

"मला का?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "मी काय केलं?"

"तुम्ही असंच. गाडी रिकामी कशाला सोडायची?"

घड्याळजींना हसू आलं नाही. पण पायही उचलेनात. ते तसेच उभे होते, तेव्हा दार उघडलं.

औषधवाली आत आली. दुकानाचं शटर अर्धं ओढून आली होती, हातात गुंडा. कुणाकडे न बघता मागाजवळ गेली. तिने गुंड्याचं टोक थोडं सोडवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. धागा बारीक बारीक लाटांनी वळलेला होता. एका टाक्याची एक लाट.

"मावशी, हे असं का?"

"टाक्याचं वळण आहे ते. अजून भिजवली नाही ना. भिजवून टांगली की जातं."

"म्हणजे ही प्रत्येक लाट आईचा एकेक टाका?"

"तसंच म्हणायचं."

औषधवाली धाग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भिजवायची नाही. अशीच विणायची."

आता मावशीची गोष्ट सांगायची तर, बिनभिजवलेली लोकर तिने आयुष्यात मागावर चढू दिली नव्हती. एकदा ड्रायव्हरसाहेबांनी घाईने चढवली तर आख्खा पट्टा उसवायला लावला होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"पट्टा उठून राहील," ती म्हणाली. "बसणाऱ्याला टोचेल."

"टोचू दे."

मावशीने एक मोठा श्वास घेतला. "कांडी भरा कुणीतरी," म्हणाली.

"विणणार मी," औषधवाली म्हणाली. "माझ्या आईच्या लोकरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आता हात लावून झालेत तेवढे बास." आणि मागाच्या बाकावर बसली. पहिल्यांदाच. मग तिच्या लक्षात आलं, की दुसरं टोक फार लांब आहे. तिने मान न वळवता म्हटलं, "काका, बसा इकडे. तुम्हीच. राग गेला असं समजू नका."

"नाही समजत," घड्याळजी म्हणाले.

पण ते लगेच बसले नाहीत. आधी त्यांनी धोट्यात बसते ती लाकडी कांडी घेतली आणि तिच्यावर गुंड्यातली लोकर गुंडाळली. मग त्या कांडीवरची सगळी लोकर सोडवून दुसऱ्या कांडीवर गुंडाळली.

"दोनदा कशाला भरताय?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं. "चक्कर आली का?"

"एकदा भरली तर उलटी निघेल. मी उसवलं ते शेवटाकडून सुरुवातीकडे. गुंड्यातून सोडताना ते पुन्हा सुलट होतं. कांडीवर ते परत फिरतं, म्हणून दोनदा. आता यांच्या आईने ज्या क्रमाने टाके घातले, त्याच क्रमाने येतील. आधी उजव्या हाताचं मनगट, मग वर वर."

औषधवालीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

पहिला धोटा तिने असा फेकला, की तो मागातून निघून थेट घड्याळजींच्या नडगीवर बसला. दुसरा खाली शाईच्या डागावर पडला.

"फेकायचा नाही गं," मावशी म्हणाली, "पाठवायचा. पाठवणी करतात तसा."

तिसरा पोचला. घड्याळजींनी झेलला. दोघांनी फणी ओढली, आणि हिरव्या लोकरीची पहिली ओळ पिवळ्यावर बसली. चांगलीच उठून राहिली, मावशी म्हणाली होती तशी. मावशीने तिकडे पाठ केली.

दहा-बारा ओळी झाल्या असतील. मग औषधवालीनेच विचारलं, "उसवताना कशी होती? घट्ट होती का वीण?"

"मनगटाला घट्ट. नंतर नंतर सैल. सुरुवातीला तुमच्या आई जरा धास्तीने विणत असतील. मग हात रमला असेल." त्यांनी धोटा परत पाठवला. "आणि डावी बाही उजवीपेक्षा सहा ओळी लांब होती."

"काय?"

"सहा. मी मोजल्या. सवय आहे. वाटलं, मोजायचं विसरल्या असतील."

औषधवालीचा हात फणीवरच थांबला. आणि मग ती हसायला लागली, आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि डोळे भरले तरी हसतच राहिली.

"भांडत होतो आम्ही! डावी बाही चालू होती तेव्हा. ती म्हणत होती, दुकान टाकू नकोस, तुला नाही झेपायचं. मी म्हणत होते टाकणारच. दोन दिवस भांडलो. तोंड चालू आणि सुयाही चालू. मोजते कुठली ती! आणि मी इतकी वर्षं डावी बाही दुमडून घालतेय. मला वाटायचं, माझाच हात आखूड आहे."

"हात व्यवस्थित आहे," घड्याळजी गंभीरपणे म्हणाले. ड्रायव्हरसाहेबांना ठसका लागला.

"अजून काय दिसलं?" ती डोळे पुसत म्हणाली.

"बरंच. लोकर संपून दुसरी जोडली, तिथे गाठ नाही मारली. दोन्ही टोकं उकलून, पिळून एकात एक बसवली. असं करणारा माणूस घाईचा नसतो. आणि गळ्यात तर एक गंमत आहे."

"काय?"

"ते आलं की सांगतो."

"आत्ता सांगा!"

"आत्ता कसं? अजून मनगटच चाललंय. गळा सगळ्यात शेवटी विणलेला, तो गुंड्याच्या पार पोटात आहे. आपल्या या वेगाने..." त्यांनी गुंड्याकडे बघून हिशेब केला. "गुरुवारी दुपारी."

"गुरुवारी? काका, माझं दुकान आहे!"

"हो ना," घड्याळजी म्हणाले, आणि धोटा तिच्याकडे पाठवला.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ डोकावले, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. "बाई, तुम्ही इथे आहात होय? शटर अर्धं बघून मला वाटलं..."

"आलेच," औषधवाली म्हणाली. उठली मात्र नाही. "एवढं कोपरापर्यंत होऊ दे. बसा ना तोवर, ती खुर्ची घ्या. मावशी, यांच्या हातात काहीतरी द्या उसवायला."

मावशीने दिलं. आधी बाह्यांची गाठ बघितली, मग "नक्की सोडलेलाच आहे ना हा?" असं सगळ्या खोलीला दोनदा मोठ्याने विचारलं, आणि मग दिलं.